टोपीचं नाणं

३ मार्च, सोमवार

दोन दुकानांचे काटे तपासले. एकाचा बरोबर. दुसऱ्याच्या पारड्याखाली चुंबक. दंड केला. साडेसहाला घरी. पाव आणि कालची भाजी.

सातला जादू मंडळाचे चिटणीस आले. हे दातांचे डॉक्टर. मंडळ म्हणजे रविवारी शाळेच्या हॉलमध्ये जमून एकमेकांना पत्ते ओढायला लावणारी पंधरा-वीस रिकामी माणसं. ही, म्हणजे माझी बायको, दहा वर्षं त्यांच्यात जात होती. हिला जाऊन एप्रिलमध्ये वर्ष होईल, म्हणून सहा तारखेला आठवणीचा कार्यक्रम. मी दोन शब्द बोलावेत असं म्हणाले.

मी बोलत नाही. माझ्या लग्नातसुद्धा पाहुण्यांचे आभार मोठ्या भावाने मानले होते. म्हणालो, बोलणार नाही, हिची नाण्याची जादू करून दाखवीन. डॉक्टरांचा कप ओठाशीच राहिला. स्वतःचा दात स्वतः उपटतो म्हणालो असतो तरी त्यांनी असाच चेहरा केला असता.

अवघड काय आहे त्यात? ही करायची, म्हणजे कोणालाही यावी.

५ मार्च, बुधवार

हिच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात नाणं सापडलं. पाचाचं, पिवळं. म्हणजे एक खरं नाणं आणि त्यावर दुसऱ्या नाण्याची आतून पोखरलेली टोपी. टोपी बसवली की एकच नाणं दिसतं. नखाने उचलली की दोन. परत बसवली की एक. हातात दोन दाखवायची, मूठ मिटायची, उघडली की एक. संपली जादू. एवढ्यासाठी दहा वर्षं वर्गणी.

वस्तू म्हणून तपासलं तर सदोष आहे. हिच्या बोटांनी घासून घासून आरशासारखं झालंय. खरी गंमत अशी असते म्हणे की खिशातून मूठभर सुटे काढायचे आणि त्यातलं एक सहज उचलायचं. आता माझ्या खिशातली नाणी काळी, मळकी, आणि त्यांच्यात हे एकटं नवरदेवासारखं. आंधळ्यालाही कळेल. शिवाय कडेला लाल नेलपॉलिशचा टिपका. टोपी चटकन ओळखता यावी म्हणून हिने लावलेला. खुणा केलेलं वजन माझ्या वजनमापे खात्यात जप्त होतं.

मला ती एकदाही फसवू शकली नाही. टिपका लांबून दिसायचा. रोज सकाळी मूठ उघडायची, आणि मला ‘अरे, दुसरं कुठे गेलं?’ असं विचारावं लागायचं. नाही विचारलं तर चहा टेबलावर आदळायची.

ठरवलं: जादू हिच्यापेक्षा नीट करायची. नाणं सुट्यांमध्ये मिसळलं पाहिजे. महिना भरपूर आहे.

८ मार्च, शनिवार

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, सोपं आहे हो, नाणं काळं करा. उकडलेलं अंडं कुस्करून नाण्यासकट डब्यात बंद करून ठेवायचं. नाहीतर बारीक पॉलिशपेपर मारायचा. सगळे तेच करतात. तुमच्या मिसेसना दहा वर्षं सांगत होतो, त्यांनी ऐकलं नाही.

आधी साध्या नाण्यांवर प्रयोग. शास्त्रीय पद्धत हीच.

११ मार्च, मंगळवार

डबा उघडला. नाणी छान काळी झाली आहेत. खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत.

नेमकी मेहुणी आली. हिची धाकटी बहीण. दारातच नाकाला पदर लावला. म्हणाली, भावोजी, वास कसला हा? घरात काही मेलंय का? मग स्वतःच जीभ चावली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. या बाईला रिकामं बसवत नाही आणि गप्पही बसवत नाही.

जाताना विचारलं, ताईचंही नाणं या घाणीत घालणार? म्हटलं, उद्या.

१२ मार्च, बुधवार

आज घालणार होतो. अंडं उकडलं. खाल्लं.

विचार केल्यावर पद्धतीतली चूक लक्षात आली. प्रमाणवजनाला कधी हात लावायचा नसतो. बाकीची वजनं त्याच्याशी जुळवून घ्यायची असतात. म्हणजे हिचं नाणं आहे तसं ठेवायचं आणि खिशातले सगळे सुटे घासून चकचकीत करायचे! इतकी साधी गोष्ट पंधरा-वीस जादूगारांच्या डोक्यात दहा वर्षांत आली नाही. पत्ते ओढा म्हणावं.

डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, पण साहेब, एक काळं करायचं सोडून सगळी उजळायची? म्हटलं, यात भावनेचा प्रश्न नाही, तंत्राचा आहे. ते म्हणाले, मी भावनेचं कुठे म्हणालो?

१६ मार्च, रविवार

व्हिनेगरमध्ये बुडवून टूथपेस्टने घासणे: मध्यम. पितळेच्या भांड्यांचं पॉलिश आणि जुन्या बनियनचं फडकं: उत्तम. चार तास बसलो. मूठभर झाली. हिचं नाणं त्यांच्यात टाकून पाहिलं. टिपका सोडला तर ओळखू येत नाही. टिपका राहू द्यायचा. मला सोयीचा आहे.

अडचण एकच. सुटे खर्च होतात, आणि परत येतात ते मळके. रोज थोडे घासावे लागतील. माझ्यासारख्या नियमित माणसाला काय त्याचं.

२० मार्च, गुरुवार

कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे साबण घेतला. माझं नाणं त्याने उजेडात धरलं, मग गल्ल्यावर आपटून पाहिलं, मग दोन गिऱ्हाइकांना दाखवलं. म्हणाला, साहेब, ही घरीच पाडता का? गिऱ्हाइकं हसली. म्हणाला, हे ठेवा, जरा मळकं असेल तर द्या.

तीन वर्षांपूर्वी याचा काटा पकडला होता. अजून डोक्यात ठेवून आहे. कोत्या मनाची माणसं.

नोट दिली. मोड म्हणून त्याने मुद्दाम सगळी काळी नाणी दिली. घरी येऊन घासली.

२४ मार्च, सोमवार

सराव. आरशासमोर दोनाचं एक करता येतं, पण टोपी खणकन वाजते. दोनदा सोफ्याखाली गेली. वाकून शोधताना हिची एक चप्पल सापडली. जिथे होती तिथेच ठेवली. झाडताना काढीन.

२७ मार्च, गुरुवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तक्रार आली म्हणे: वजनमापे खात्याचा निरीक्षक बाजारात संशयास्पद नाणी चालवतो. खिसा रिकामा करायला लावला. सगळं टेबल झळकलं. साहेबांनी उठून दार लोटलं. मग खालच्या आवाजात, अरे, घरी सगळं ठीक आहे ना? रजा शिल्लक आहे तुझी भरपूर.

म्हटलं, स्वच्छतेची आवड आहे. ते म्हणाले, हो का, बरं.

बढतीने वर गेलेल्या माणसाला बारकाईने काम करणारा माणूस वेडाच वाटतो. हिचं नाणं त्यांच्या टेबलावर बाकीच्यांबरोबर पडलं होतं. त्यांना कळलं नाही! म्हणजे पद्धत सिद्ध झाली.

३० मार्च, रविवार

मेहुणीला करून दाखवलं. मूठ उघडली. एकच नाणं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो. शेवटी मलाच सांगावं लागलं, ‘दुसरं कुठे गेलं’ असं विचारायचं असतं. म्हणाली, भावोजी, टिपका दिसतोय हो. ताईचाही दिसायचा. सगळ्यांना दिसायचा.

मग बघायचात कशाला, विचारलं. म्हणाली, नाण्याकडे कोण बघत होतं?

मेहुणीशी तांत्रिक चर्चा करण्यात अर्थ नाही.

५ एप्रिल, शनिवार

तयारी पूर्ण. शेवटचा हात म्हणून सगळी नाणी एकदम घेतली. खिशातली, वाडग्यातली, टेबलावरची. पॉलिश लावून फडक्याने एकेक घासलं, कडासुद्धा. हॉलमधले दिवे प्रखर असतात, कसूर नको. हात दुखले. वर्तमानपत्रावर मांडली तेव्हा इतकी सारखी दिसली की खात्याच्या प्रदर्शनात ठेवावीत.

झब्बा इस्त्री केला. उद्या त्या मंडळाला जादू म्हणजे काय ते कळेल.

६ एप्रिल, रविवार

हॉल अर्धा भरलेला. डॉक्टरांनी रुमालातून फूल काढलं. फुलाचा देठ आधीपासून दिसत होता. एक बाई तिकिटांची जादू विसरल्या आणि त्याऐवजी रडल्या. ही पातळी.

माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. खिशातून मूठभर सुटे काढले, तळहातावर पसरले. सहज एक उचलायचं. टिपका शोधला.

टिपका नव्हता.

चष्मा लावला. एक उचललं, नख घातलं. उघडलं नाही. दुसरं. तिसरं. नाणं बंद असताना एकच दिसतं, ते यासाठीच तर केलेलं असतं. काल घासताना तेही हाताखालून गेलं असणार. पॉलिशने धातू उजळतो तसा रंगही निघतो, हे मला कळायला हवं होतं. नखं बोथट झाली. सुटे खाली सांडले. पहिल्या रांगेतले दोघे गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागले. डॉक्टर जवळ येऊन कुजबुजले, साहेब, काय झालं?

मी म्हणालो, यातलं एक हिचं आहे. कुठलं ते सापडत नाही.

जरा मोठ्याने बोललं गेलं असेल. मग कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. डॉक्टरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, दोन शब्द म्हणालो होतो, पण असं कोणी बोललं नव्हतं.

भाषण नव्हतं ते. अडचण सांगितली होती. टाळ्या कशाला वाजवायच्या हेसुद्धा या लोकांना कळत नाही.

मेहुणीने सांडलेलं शेवटचं नाणं खुर्चीखालून आणून दिलं. काही बोलली नाही. पहिल्यांदाच.

७ एप्रिल, सोमवार

रजा टाकली.

तपासणीचा काटा काढून सगळी नाणी एकेक तोलली. सापडलं. वजनात थोडं जास्त भरतं. टोपी काढली, बसवली. व्यवस्थित चालते. कड स्वच्छ आहे. बाकीच्यांसारखंच चकाकतं आहे. तंत्राच्या दृष्टीने आता त्यात एकही दोष नाही.

हिच्या कपाटात नेलपॉलिशची बाटली होती. झाकण निघालं, पण आत वाळून खडा झालाय.

पॉलिशचं फडकं शनिवारीच धुवायच्या कपड्यांत टाकलं होतं. काढून पाहिलं. काळ्या डागांमध्ये एका ठिकाणी पुसट लाल आहे.

फडकं बाजूला ठेवलं. बाकीचे कपडे धुतले, पिळले, वाळत घातले.