हात धुण्याबद्दल

आईच्या पायांवर दुरूनच डोकं ठेवून,

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. प्रयोगशाळेत दिवसभर काचेच्या बश्या उकळायच्या असतात, त्यामुळे हात सोलून निघालेत, एवढंच. दादाचा खोकला गेला का? वहिनीला आता नववा लागला असेल. बाळंतपण तूच करणार, हे विचारायला नको.

एक मागणं आहे. तिला हात लावण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धू, नखं काप, सुरी उकळून घे. "चाळीस वर्षं सुईणपण केलं, आता हा मला शिकवणार," असं म्हणशील. म्हण, पण धू.

सरांनी जुनी हकिकत सांगितली. पूर्वी डॉक्टर प्रेतं चिरून तसेच बाळंतिणींकडे जायचे आणि त्या तापाने दगावायच्या. एकाने हात धुवायला सांगितलं, तर बाकीचे त्याच्यावरच उखडले. मान्य केलं असतं, तर आपल्या हातून किती गेल्या ते मोजावं लागलं असतं.

काल सरांनी त्या तापाचे जंतू दाखवले. मण्यांच्या माळेसारखे दिसतात. मला ताई आठवली, तिचा तो शेवटचा ताप आठवला. तिच्या बाळंतपणाच्या वेळी तू शेजारच्या काकांचं गळू फोडून, पदराला हात पुसत धावत आली होतीस. तुला तेव्हा कोण सांगणार होतं?

हे न लिहिता तीनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. कारण कळल्याशिवाय तू ऐकायची नाहीस.

आई, तू मोजत बसू नकोस. फक्त हात धू.

तुझा,
धाकटा