यंत्राच्या मते मी संशयास्पद

३ मार्च, सोमवार
कलादालनात माझ्या खोलीत आज नवं प्रदर्शन लागलं. भिंतीवर चाळीस कॅमेरे, मधोमध मोठा पडदा. समोर माणूस आला की यंत्र त्याचा चेहरा वाचतं आणि तो कसा आहे ते पडद्यावर लिहितं. कलाकार म्हणाला, "मावशी, हा पाळतीचा निषेध आहे." चाळीस कॅमेरे लावून निषेध! दारूबंदीच्या सभेला पिंपं भरून ठेवावीत तसं.

माझं काम खुर्चीत बसून लोकांवर लक्ष ठेवायचं. म्हणजे एकेचाळिसावा कॅमेरा मी. फक्त माझे पाय दुखतात.

४ मार्च
दिवसभर पडद्यावर माझ्याबद्दल एकच शब्द – "संशयास्पद". एका जागी फार वेळ बसता ना, म्हणून, असं कलाकार म्हणाला. बसायचाच पगार मिळतो, हे यंत्राला कोण सांगणार? घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मला तीस वर्षांत कळलं नाही ते त्याला एका दिवसात कळलं."

७ मार्च
एका बाईंना यंत्राने "खोटं हसते" म्हटलं. नवरा म्हणाला, "यंत्र भारी आहे." बाई तडक बाहेर. तो मागे धावला. या प्रदर्शनातली तेवढीच कला मला समजली.

१२ मार्च
व्यवस्थापकांनी बोलावलं. सोमवारी दुपारी मी बावीस मिनिटं खुर्चीवर नव्हते म्हणे. कोणी सांगितलं? निषेधाने सांगितलं. कॅमेरे सगळं साठवून ठेवतात. पाय आखडले होते, चहाला गेले होते. उद्या चित्रण दाखवून लेखी घेणार.

कलाकाराला गाठलं. म्हटलं, तुमच्या कलेपायी माझी नोकरी जाईल. त्याचा चेहरा उजळला. "मावशी, हेच तर मला म्हणायचं होतं." वहीत टिपूनही घेतलं. व्यवस्थापकांशी एक शब्द बोला म्हटलं, तर त्याला विमान गाठायचं होतं.

१३ मार्च
चित्रण पाहिलं. रिकामी खुर्ची. मग आमची धाकटी मुलगी आत आली. तिच्या लग्नावरून फाटलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तोंड पाहिलेलं नाही. खुर्चीवर माझी शाल पडली होती, तिने घडी घालून ठेवली. तिथेच उभी राहिली, बराच वेळ. प्रदर्शनाच्या पडद्यावर आलं – "वाट पाहते आहे". मग गेली.

व्यवस्थापक म्हणाले, "गैरहजेरी कबूल आहे ना?"

म्हटलं, सगळं कबूल. परत एकदा लावा.