राणीच्या नावावरचा वळू

नॉकनरे टेकडीचा पायथा, स्लायगो
२१ नोव्हेंबर १९५४

प्रिय उना,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. पोस्टमन दारात उभा राहिला, सायकलही टेकवून ठेवली नाही. तुझ्या आईच्या माघारी आलेलं हे पहिलं पत्र, म्हणून बिचाऱ्यानं टोपी काढली. मी चहा विचारला तर म्हणाला, नको बार्टली, पुढच्या वेळी. मी पत्र घड्याळामागे ठेवलं आणि दोन दिवस तसंच राहू दिलं. तू लिहिलंयस, "बाबा, तुम्ही इकडे बॉस्टनला या. पण मला तिकडे बोलावू नका. तिच्या कबरीपाशी उभी राहून मी काय बोलू?" बाळ, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी आहे. चोवीस वर्षं आहे. आज ते लिहायला बसलोय आणि सकाळपासून तीनदा गोठ्यात जाऊन आलो.

आधी तिचं शेवटचं ऐक. तारेत काय मावणार! छाती भरून तीन आठवडे खोकत होती, पण अंथरूण धरायला तयार नाही. चुलीशी खुर्ची ओढली, पायात बूट तसेच, आणि म्हणाली, आडवं पडलेल्या माणसाला सगळे वरून बघतात, मला नाही आवडत. फादर आले तेव्हा त्यांना बजावलं, "मला उभीच पुरा. तोंड शेजारच्या मलार्कीच्या घराकडे करून." फादर हसले. तीही हसली, मग अर्धा तास खोकली. तुला आठवतं ना, लहान असताना तू तिच्याच मांडीवर बसून, जुन्या राणीला उभी पुरलीय म्हणतात त्या टेकडीवरच्या दगडांच्या ढिगाकडे बोट दाखवायचीस आणि विचारायचीस, मेव्ह राणी अजून उभीच आहे का गं आत? ती म्हणायची, उभीच आहे, भाला घेऊन, उत्तरेच्या लोकांकडे तोंड करून. पाय दुखत नाहीत का तिचे? दुखतात की, पण ती सांगते थोडीच!

गावानं तुझ्या आईला, सबीनाला, राणी म्हणायला सुरुवात केली ती आमच्या लग्नाआधीच. बापामागं एकटीनं जमीन राखली, चुलत्यांना बांधावर पाय ठेवू दिला नाही, आणि दोन रविवार माझ्याकडे टक लावून पाहिल्यावर तिसऱ्या रविवारी चर्चच्या फाटकात मला म्हणाली, "तुला गाईंचं कळतं का?" मी म्हटलं, कळतं. "मग ये." झालं आमचं लग्न. आलो घरजावई होऊन. जमीन तिची, गाई तिच्या, घर तिचं, चुलीवरची किटलीसुद्धा तिच्या आजीची. बाजारात लोक मला छेडायचे, "काय रे बार्टली, डोक्यावरची टोपी तरी तुझी का तीही राणीची?" मी हसायचो. हसण्यात मी पहिल्यापासून पटाईत. ती मात्र कधी, रागाच्या भरातसुद्धा, हे माझं आहे असं मला म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. भांडता तरी आलं असतं.

त्या जुन्या राणीची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. एकदा अंथरुणात पडल्या पडल्या नवराबायकोची चढाओढ लागली, कुणाचं जास्त. भांडी, अंगठ्या, मेंढरं, डुकरं, सगळं सारखं भरलं. नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा वळू जास्त निघाला, आणि तेवढ्यासाठी, तिथला तसाच वळू आणायला, राणीनं उत्तरेवर सैन्य नेलं. लढायला माणसं मिळावीत म्हणून पोटची पोरगी एकेका योद्ध्याला देऊ केली, असंही म्हणतात. तूच ती गोष्ट तुझ्या आईच्या तोंडावर फेकलीस, विहिरीपाशी, सात बायकांच्या देखत. "ती निदान राणी होती. तू मला एका वळूच्या बदल्यात विकलंस. तू माझी आई नाहीस." तू एकोणीस वर्षांची होतीस. तिनं भरलेली बादली उचलली आणि थेंबही न सांडता घरी आली. मी गोठ्याच्या दारात होतो. मला सगळं ऐकू आलं होतं.

त्यानंतर तू स्लायगोला मावशीकडे गेलीस ती परत आलीच नाहीस. बॉस्टनहून थोरल्या मावशीनं तिकीट धाडलं. आपल्याकडची रीत, अमेरिकेला जाणाऱ्याची आदल्या रात्री मयतासारखी रात्र जागवायची, कारण परत कोण येतंय! मावशीच्या घरी सगळे जमले, नाचले, रडले. तुझी आई आली नाही. तू दाराकडे बघत होतीस, मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "बाबा, तुम्ही तरी आलात." उना, हे चार शब्द मला चोवीस वर्षं पोटात नालेच्या खिळ्यांसारखे टोचताहेत. ती का नाही आली ते सांगतो. मी तिला चल म्हणालो तेव्हा ती माझ्यावर कडाडली, "मयत मेलेल्याचं असतं. माझी पोर जिवंत आहे. जिवंत पोरीचं मयत मी जागवणार नाही." आणि पहाटे मी गाईंसाठी घरी येऊन गेलो तेव्हा, अंधार फिटायच्या आत, लाल शाल घेऊन बाहेर पडली. मला वाटलं दूध काढायला. संध्याकाळी परतली तेव्हा बुटाचा तळ सुटला होता. टेकडीच्या माथ्यावर, राणीच्या ढिगापाशी दिवसभर उभी होती. मला एवढंच म्हणाली, "गाडीचा धूर दिसला. बॅलिसोडेअरपर्यंत चांगला दिसला. मग वळणात गेला."

आता तुझ्या पत्रांचं. दर नाताळला तुझं पत्र यायचं, पाकिटावर फक्त माझं नाव. ती ते पोस्टमनकडून घ्यायची, अक्षराकडे बघायची, घड्याळामागे ठेवायची. वाच म्हणून कधी सांगितलं नाही. फक्त परातीत पाव मळायला घ्यायची, आणि म्हणायची, "कुत्र्याला वाचून दाखव ना. त्याला बिचाऱ्याला काळजी लागून राहते." मग मी कुत्र्याला मोठ्यानं वाचून दाखवायचो. पिठातले हात थांबायचे. माझं वाचून झालं की पुन्हा सुरू. एकदा तू लिहिलं होतंस, घरी सगळे बरे असतील. ती वळून म्हणाली, "'सगळे' लिहिलंय? नीट बघ." मी म्हटलं, सगळेच लिहिलंय. त्या दिवशी पाव करपला. या चोवीस वर्षांत आमची तीन कुत्री झाली, उना. तिघांनीही तुझी सगळी खुशाली ऐकलेली आहे.

शेवटच्या दिवशी म्हणाली, कुत्रा कंटाळलाय, जुनी पत्रं काढ. मी डबा काढला आणि पहिल्यापासून वाचायला लागलो. जहाजावर तुला उलट्या झाल्या ते पत्र, गिरणीतल्या नोकरीचं, तुझ्या लग्नाचं. धाकट्याच्या बाप्तिस्म्याच्या पत्रापर्यंत आलो आणि वर पाहिलं, तर ती गेलेली. कुठल्या पत्रापर्यंत तिनं ऐकलं ते मला ठाऊक नाही. मी वाचतच होतो.

आणि आता ज्याच्यासाठी गोठ्यात तीन चकरा मारल्या ते लिहितो. मयताला सगळं गाव लोटलं होतं. मलार्कीचा पुतण्या दारू पिऊन कोपऱ्यात बसला होता, तो म्हणाला, "राणीबरोबर एक वळू पण द्या रे पुरायला, पोरगी देऊन घेतला होता तिनं." दोघंतिघं हसले. उना, मीही हसलो. सवयीनं हसलो. तिची पेटी मधे, मेणबत्त्या तेवताहेत, आणि मी हसलो.

तो वळू तुझ्या आईनं आणला नव्हता गं. मी आणला होता. बॅलिसोडेअरच्या जत्रेत टेड मलार्कीनं मला तीन पेले पाजले. वळू त्याच्यामागं बांधलेला, लालभडक, कपाळावर पांढरा चांद. म्हणाला, मी विधुर, वय शेहेचाळीस, तुमची उना दोन शेतं ओलांडून माझ्या घरी येईल, कधीही हाक मारा. आणि हा तुझा. सबीनाचा नाही हं, तुझा. त्या वर्षी आपल्या वाडीतली नऊ पोरं अमेरिकेला गेली होती. मला वाटलं, लग्न जवळ झालं तर तू तरी राहशील. हे खरं आहे, देवाशपथ. पण निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे मला तो वळू हवा होता. बत्तीस गाईंच्या त्या घरात एक जनावर मला माझं म्हणायचं होतं. मी तळहातावर थुंकलो, त्यानंही थुंकून टाळी दिली, शब्द ठरला. तू जाऊ नयेस म्हणून केलं, आणि त्याच्याचपायी तू गेलीस.

दोर हातात धरून घरी आलो तेव्हा तुझी आई अंगणात होती. ऐकून पांढरीफटक पडली. म्हणाली, "जत्रेत पोर देऊन आलास? माझ्या पोरीला न विचारता?" मला वाटलं आता काठी घालते. तेवढ्यात तू घरातून आलीस, वळू पाहिलास, मलार्कीचा म्हणून ओळखलास आणि विचारलंस, हा इथं कसा? मी हातातला दोर गुंडाळत राहिलो. तर तीच पुढं झाली आणि तुला म्हणाली, "वळू मी घेतला. बोलणं मी केलं. काय बोलायचं ते मला बोल." आणि तू बोललीस. घरात बोललीस, मग विहिरीवर बोललीस. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर गोठ्याच्या दारात मूग गिळून उभा.

पुढच्याच रविवारी चर्चमधली मिस्सा सुटायच्या वेळी, सगळं गाव बाहेर पडत असताना, ती एकटी त्या वळूची वेसण धरून भर रस्त्यातून मलार्कीच्या दारात गेली आणि शब्द मोडून आली. आपल्याकडे थुंकून दिलेला शब्द मोडणारा म्हणजे काय, तुला सांगायला नको. गावाला वाटलं नवरी पळाली म्हणून मलार्कीनंच वळू मागून घेतला, राणी हरली. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. मी तिच्यापुढं गुडघे टेकले, म्हटलं, सबीना, मी जातो स्लायगोला, सांगतो पोरीला खरं काय ते. तर म्हणाली, "गप बस. ती माझ्याशी लहानपणापासून भांडत आलीय, माझ्याशी भांडून ती ताठ उभी राहील. तुझ्याशी कधी भांडली नाही ती. तू असं केलंस कळलं तर मोडून पडेल. माझी पाठ रुंद आहे, बार्टली, तुझी नाही." माझ्याकडून क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली. आणि खरं सांगू, शपथ घेताना मला सुटल्यासारखं वाटलं. तिच्या मागे लपलो आणि लपूनच राहिलो. करून सवरून नामानिराळा. तू दर नाताळला मला लोकरीचे मोजे पाठवलेस, ते घातले.

हल्ली टेकडीकडे बघताना मनात येतं, त्या जुन्या राणीचं तरी खरं काय असेल? वळू नेमका कुणाला हवा होता? नवराही होताच की त्या अंथरुणात. गोष्ट सांगणारे सगळे पुरुषच होते गं, माझ्यासारखे.

आज शपथ मोडून हे लिहितोय, कारण तिच्या कबरीपाशी काय बोलू असं तू विचारलंस आणि तुला खरंच ठाऊक नाही. तिला काही बोलू नकोस. नुसती ये. जे बोलायचं ते मला बोल, मी ताठ उभा राहून ऐकेन, माझी पाठ रुंद नसली तरी. रविवारी, बारा डिसेंबरला, तिला जाऊन महिना होईल, त्याची मिस्सा आहे. मिस्सा सुटली की मी फाटकात उभा राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे, टेड मलार्कीसमोर आणि त्याच्या पुतण्यासमोर, की वळू माझा होता. तू आलीस तर तुझ्यादेखत, नाही आलीस तरी सांगणारच. यानंतर तू मला पत्र लिहिलं नाहीस तर मी समजेन. पाकीट बंद करण्याआधी हे सगळं एकदा मोठ्यानं वाचायचं म्हणून कुत्र्याला जवळ बोलावलं. तो आला, बसला. पण मी सवयीनं परातीकडे बघतोय, आणि सुरुवात कशी करावी तेच मला कळत नाही.

तुझाच, अजून तू म्हणू देत असशील तर,
बाबा