काँटेसाच्या डिस्क

१७ फेब्रुवारी
सगळं बदललं ते काल संध्याकाळी. प्रणाली अकोल्याच्या मुलाला हो म्हणाली. मी तिला मनातलं कधी बोललोच नाही. अख्ख्या गल्लीला माहीत, पण इंजिनिअरिंग अर्धं सोडून ग्रीस पुसणारा मी — काय बोलणार होतो?

अन् आज तिचे वडील खुशालराव जुनी काँटेसा घेऊन आमच्याच गॅरेजला! रविवारी अकोल्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच; सगळे हिच्यातूनच जाणार. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते म्हणे.

अमरावतीत दुसरं गॅरेज नाही का?

१८ फेब्रुवारी
पुढची चाकं काढली. ब्रेकच्या दोन्ही डिस्कवर नख अडकेल अशा रेघा. लेथवर सपाट करता येतात, पण या आधीच झिजून पातळ झाल्यात. आणखी घासल्या तर तापून तडकतील. योगेशभाऊ, आमचे उस्ताद, म्हणाले, रविवारपुरतं घासून दे, मंग पाहू. मी नाही म्हटलं. प्रणाली बसणार आहे त्यात.

खुशालरावांना फोन केला — या डिस्कवर गाडी नेऊ नका. ते शांतपणे म्हणाले, "साक्षगंध मोडता येत नाही, म्हून गाडी मोडून राहिला का बे?"

फोन आपटला. काच गेली. जाऊ दे. रविवारी ही गाडी जाणार — अन् नीट थांबणार!

१९ फेब्रुवारी
दिवसभर अकोल्याच्या भंगारात. दुसऱ्या एका काँटेसाच्या दोन डिस्क मिळाल्या. गंजलेल्या, पण जाड. बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. पँट कामातून गेली.

२० फेब्रुवारी
लेथवर पहिल्याच फेरीत डिस्क डगमगली. लेथ चालवणाऱ्या टर्नरवर ओरडलो. मग काढून पाहिली, तर ती जिथे बसते तिथला गंज मीच खरवडला नव्हता! खरवडला, पुन्हा चढवली. दोन्हींवर हलका हलका कट. आरशासारख्या निघाल्या.

बडनेरा रोडवर स्टिअरिंग सोडून जोरात ब्रेक मारला. सरळ थांबली. शेजारी बसलेल्या योगेशभाऊंनी डोळे मिटून घेतले होते.

२१ फेब्रुवारी
गाडी न्यायला प्रणाली एकटीच आली. ब्रेकचं काही विचारलंच नाही. म्हणाली, "बाबा दुसरीकडे नेत होते. मीच तुह्याकडे पाठवली. मले वाटलं, आतातरी तू काही बोलशील."

"मी ब्रेक करून राहिलो होतो."

"दिसलं," म्हणाली. गाडी तिथेच सोडून पायी गेली.

साक्षगंध उद्या. खुशालराव आता घरीच असतील. शर्ट बदलला. दार ओढून त्यांच्याशी बोलायला निघालो.