सत्यशीलाच्या नावचं पत्र

१२ जानेवारी २०२५, रविवार

भिवा आल्ता. भोकरदनकडचा. अंगदच्या, माझ्या पहिल्या नवऱ्याच्या, पलटणीतला — नाव ऐकून होते, माणूस आज पाहिला. एका पायानं लंगडतो. ओट्यावर बसला, पाणीबी घेतलं न्हाई. प्लास्टिकच्या पिशवीतून निळं आंतरदेशीय पत्र काढलं. माझं नाव. अंगदचं अक्षर!

म्हणाला, नव्याण्णवच्या लढाईत, शेवटच्या चढाईच्या आदल्या दिवशी अंगदनं दिलं, पोस्टात टाक म्हणून. दुसऱ्या दिवशी अंगद गेला, ह्याच्या पायात गोळी. दोन वर्षांनी स्वतःच घेऊन इथं वाटूरला आल्ता. तोवर माझं दिराशी, म्हणजे ह्यांच्याशी, लग्न होऊन पायल झाल्ती. फाट्यावर लेकरू कडेवर घेतलेली मी त्याला दिसले.

"तुम्ही हसत होत्या. मला देववलं न्हाई."

आता डॉक्टरांनी त्याची आशा सोडलीये. म्हणून आला.

१३ जानेवारी, सोमवार

उघडलं न्हाई. पिठाच्या डब्यामागं ठेवलंय. भोगीच्या भाकरी थापताना सारखं वाटायचं, पाठीमागं कुणी उभंय. वळले न्हाई. अंगद चोवीसचा होता. मी सत्तेचाळीसची. आला तर ओळखायचा न्हाई मला. मलाच तो पायलच्या वयाचा पोरगा दिसंल.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारची शालू वाण घेऊन आली. तिनं कुंकू लावलं. कुणाच्या नावाचं लावते मी?

१६ जानेवारी, गुरुवार

ह्यांना कळलंय. शालूनंच सांगितलं असंल, कुणी फौजी येऊन गेला म्हणून. हे ताटावरून अर्धपोटी उठतात.

माणूस वाईट न्हाई. पंचवीस वर्षांत हात उगारला न्हाई. पायलच्या वेळी मी तापानं फणफणले तर आठ दिवस उशाशी बसून होते. माया लागत गेली. अन् जेवढी लागली तेवढी मी मनातल्या मनात अंगदची माफी मागत गेले.

बापू, माझे सासरे, तेव्हा म्हणाले होते, साहेबरावनं तुला सांभाळावं ही अंगदचीच इच्छा होती. तसं तो ह्यांना बोलला होता म्हणे. त्या एका शब्दावर मी दुसऱ्यांदा हळद लावून घेतली.

१८ जानेवारी, शनिवार

वाचलं. मी शिकवते त्या अंगणवाडीत, लेकरं घरी गेल्यावर.

"सत्यशीला, थंडीनं बोटं वळत न्हाईत, अक्षराला हसू नको. उद्या समोरच्या डोंगरावर जायचंय. तुझी शेंगदाण्याची चटणी संपली. डबा धुतला न्हाई, वास घेत राह्यतो. मी न्हाई आलो तर घरचे साहेबरावशी तुझं लावतील. तो गुणी आहे. पण तुझ्या मनात असंल तरच. न्हाईतर जालन्याला जा, नर्सचं शिक, तुला लई हौस होती. माझ्या नावानं अडून बसू नको."

मंग घरी येऊन ह्यांच्यापुढं ठेवलं. ह्यांनी उघडलं न्हाई.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी हे चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, "वहिनी."

आमचं लग्न झाल्यापासून हा शब्द ह्यांच्या तोंडी आला नव्हता.

"दादानं मलाबी लिवलं होतं. ह्यातबी तेच असंल. वहिनीला शिकायला धाड, तिच्या मनाविरुद्ध करू नको. पोस्टानं मिळाल्तं, त्याच्या तेराव्याच्या आधी. मी जाळलं. अन् बापूला उलटं सांगितलं."

का, एवढंच विचारलं मी.

"तुम्ही निघून गेल्या असत्या."

जालन्याला लेकीला, पायलला, फोन लावला, तुझ्याकडं येते म्हणाले. किती दिवस, तिनं विचारलं. चार साड्या अन् वर ते निळं पत्र पिशवीत भरलं.