अबोली रंगाचा झगा

आमच्या सौभाग्यवती मंडळींस, सातासमुद्रापलीकडून आशीर्वाद.

नातीच्या लग्नाच्या झग्याची काळजी सोड. पांढरा नाही घेतला. "पांढऱ्यात उभी राहिलीस तर मी फोटोसुद्धा बघायची नाही," हे तुझं फोनवरचं बोलणं पोरीनं मनाला लावून घेतलं होतं.

दुकानं फिरून मी अगदी आंबलो. जिकडे बघावं तिकडे बगळ्यांचा थवा उतरल्यासारखं पांढरंच पांढरं. शेवटी एक शिंपीणबाई म्हणाल्या, "रंग सांगा, शिवून देते."

नात म्हणाली, "आजोबा, आजीला कुठला आवडेल?"

मी म्हटलं, "अबोली." आता त्या बाईंनी अबोली कुठे पाहिलेली? मी आपला सांगत बसलो, मावळतीची लाली, तिच्यात दुधाचं बोट...

"आजोबा, कविता नको, रंग सांगा!"

मग खिशातून औषधाच्या गोळ्यांची पिशवी काढली. तुझ्या जुन्या अबोली पातळाची, तू शिवलेली. गोळ्या रुमालात बांधल्या आणि पिशवी नमुना म्हणून देऊन आलो. रागावू नकोस, गोळ्या घेतो. निदान सकाळच्या तरी. पाय थोडे सुजतात, एवढंच. तुझी कंबर कशी आहे? जिना उतरत नाहीस ना?

काल झगा आणायला गेलो. पिशवी परत मागितली, तर शिंपीणबाई हसल्या. "ती आतून अस्तराला शिवली. नवरीनंच सांगितलं."

म्हणजे प्रवास झेपत नसला, तरी लग्नाला तू असणार. मला मात्र आता घर आठवतं गं. दुसरी पिशवी शिवून ठेव.

तुझाच,
दमलेला पण खुशाल