शेळ्यांची बीजांडं आणि माझी

२ जुलै
सकाळी कत्तलखान्यातून थर्मास आला. शेळ्यांची अंडाशयं, कोमट सलाइनमध्ये. सुईने बीजांडं काढता काढता मान गेली. तीन ओळींत डिशा लावल्या. पहिलीत अँटिऑक्सिडंट नाही, दुसरीत थोडं, तिसरीत भरपूर. मग इन्क्युबेटर.
घरी येऊन माझी कॅप्सूल. तेच औषध! धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं, बीजांडं सुधारतील म्हणून. शेळीला डिशमध्ये, मला पाण्यासोबत. हसू आलं आणि लगेच गेलंही.

३ जुलै
दुसरी ओळ बघत राहावी अशी. भोवतीच्या पेशी छान फुललेल्या. तिसरी वाया. घट्ट, काळपट, पिकलीच नाहीत. दरवेळी हेच. बीजांड पिकायला थोडी जळजळ लागते, अँटिऑक्सिडंटने सगळीच विझवली तर ते तसंच बसून राहतं.
लॅबचे प्रमुख सर म्हणाले, "तिसरी ओळ पेपरात नको टाकू. लोक उगाच कन्फ्यूज होतात."
डोकंच फिरलं. तोंडाने मात्र बरं म्हटलं.

७ जुलै
प्रशांतची तपासणी राहिलीच. माझं रक्त, सोनोग्राफी, नळ्या, सगळं करून झालं. नवरोबांचं 'पुढच्या आठवड्यात'. बुटीबोरीच्या कारखान्यातली शिफ्ट आड येते म्हणे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला बरी येत नाही आड.
आज सांगून पाहिलं, खर्र्याने तुझ्याकडचंही बिघडतं.
"माया बापानं जन्मभर खाल्ला. आमी चार भावंडं झालो न?"
कपाळ!
आईने सावनेरहून आवळ्याचा मोरंबा पाठवला. फोनवर बजावलं, रोज खाय, जावयाले नको देऊ, तुयासाठीच हाय. माझी आईसुद्धा.

११ जुलै
सासूबाई रोज संध्याकाळी हळदीचं दूध देतात. मायेनेच देतात, खोटं कशाला लिहू. पण चव कशीतरीच लागायची. आज लवकर घरी आले तर ओट्याशी उभ्या, कॅप्सूल उघडून पेल्यात पिवळी पूड झटकत होत्या. माझ्याच औषधाची कॅप्सूल. मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवून वेगळी आणलेली.
"हे काय करून राहिल्या आई?"
"कामाच्या धांदलीत तू विसरते न वं. म्हटलं दुधातून तरी पोटात जाईन."
"मी एकदाही विसरले नाही."
"मंग डबल झालं त चांगलंच हाय. लवकर गुण येईन."
कधीपासून, तर दिवाळीपासून. डॉक्टरची एक, सासूची एक, वर आईचा मोरंबा. तिसरी ओळ म्हणजे मीच की. ओरडायचं होतं, पण त्यांचा चेहरा इतका भोळा होता की ओरडताही आलं नाही. त्याचा राग वेगळा.

१२ जुलै
धंतोली. बाहेर ही गर्दी, अख्खा विदर्भ लोटलेला. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, जास्तीची बंद करा. डिशमधलं शरीरात तसंच होतं असं नाही, नुकसान झालं की नाही ते सांगता येणार नाही. हेच मी विद्यार्थ्यांना सांगते. तरी त्यांच्यासमोर रडले. अडतिसावं लागलंय. शेळ्यांचा थर्मास रोज नवा येतो, माझा नाही येत.
मग त्या म्हणाल्या, "मिस्टरांच्या रिपोर्टशिवाय आता मी पुढचं काहीही लिहिणार नाही. सोमवारी सकाळी पाठवा."
सहा वर्षांत हे कोणीतरी पहिल्यांदा बोललं.
जेवताना प्रशांतला सोमवारचं सांगितलं, मग सासूबाईंना म्हटलं, "आई, ते दूध आता प्रशांतले देत जा."
"त्याले काहून? त्याले काय झालं?"
प्रशांत ताटावरून उठला. सोमवारी येतो, असं दारातून बोलला. हात धुवायच्या आधी.

१३ जुलै
सरांना मेल टाकला, तिसरी ओळ पेपरात राहील. नसेल राहणार तर माझं नाव काढा. उत्तर नाही.

१४ जुलै
धंतोलीत बाकावर बसून फाइलच्या पाठीवर लिहिते आहे. प्रशांत रात्रपाळी संपवून बुटीबोरीहून थेट येणार होता. फोन बंद. काउंटरवरच्या मुलीने त्याच्या नावाची, नमुना द्यायची डबी माझ्या हातात दिली, आले की द्या म्हणाली. शेजारी यवतमाळकडची एक बाई आहे, तिच्याही हातात डबी. "तुमचेबी नाही आले काय?" आम्ही दोघी हसलो. लाज वाटली हसल्याची.
शेवटी सासूबाईंना फोन लावला.
"आला न. घरीच आला. दूध पेला अन् झोपला."
"कोणतं दूध?"
"तेच. तू म्हटलं होतं न, त्याले द्या."
म्हणजे दिलं तर.
"आई, उठवा त्याला. अजून वेळ आहे, पाठवा इकडे."
"रातभर जागून आला वं पोरगा."
"उठवा म्हटलं न, आई."
त्यांनी फोन ठेवला नाही. मांडीवर स्पीकर चालूच आहे, घरच्या पंख्याची घरघर ऐकू येते आहे. काउंटरवरून पुन्हा त्याचं नाव पुकारलं. मी हात वर केला, थांबा म्हणून.